आत बघणारी कुत्री

१

बुधवारी सकाळी नऊच्या सुमारास गुद्रून सोनिकसेन सायकलवरून गल्लीच्या वळणावर आली आणि पडता पडता वाचली. कॅप्टनच्या घराच्या खिडकीतली कुत्री तिच्याकडे बघत नव्हती.

काचेतून दिसत होत्या त्या दोन सपाट, न रंगवलेल्या पांढऱ्या पाठी. म्हणजे चिनी मातीची ती दोन कुत्री चक्क घरात तोंड करून बसली होती.

बेटावरच्या पोराला शाळेत जायच्या आधी एवढं कळतं, की घरधनी दर्यावर असला की खिडकीतली कुत्री बाहेर बघतात आणि तो परतला की ती आत वळवायची. कॅप्टन नीस लांबर्टसेन १८९१ साली ‘सेसीलिए’ जहाज घेऊन गेला आणि जहाज माणसांसकट बुडालं. त्याची बायको गीदे हे मानायलाच तयार झाली नाही. ती मेली १९३२ साली, आणि तोवर एकेचाळीस वर्षं तिची कुत्री बाहेर बघत राहिली. पुढे घर गावाकडे आलं, त्याचं संग्रहालय झालं, पण कुत्र्यांना कुणी हलवलं नाही. नाहीतर त्या घरात आहे काय? निळ्या फरशांची भिंत, कपाटातले पलंग आणि धूर ओकणारी शेगडी. बोटीत बसून लोक येतात ते वाट बघणाऱ्या गीदेसाठी.

गुद्रून एकाहत्तर वर्षांची. छत्तीस वर्षं गावच्या शाळेत शिकवलं, आता घर सांभाळणाऱ्या मंडळाची अध्यक्ष. निम्मं गाव तिच्या हाताखाली पाढे शिकलेलं, आणि पाढे विसरले तरी तिची धास्ती काही कुणाची गेलेली नव्हती. ती स्वतःही क्वचितच चुकायची. निदान तसं कुणी तिच्या तोंडावर म्हणत नसे.

कुलूप शाबूत होतं. ती आत गेली. कुत्री खिडकीच्या फळीवर नाकासमोर नाक करून बसली होती, जणू तिच्याबद्दलच काही कुजबुजत होती. गुद्रूनने पिशवी खाली टाकली, दोन्ही हातांत दोन कुत्री उचलली, हातांची कैची करून ती पुन्हा फळीवर टेकवली, बाहेर तोंड करून. हे करताना तिला विचारही करावा लागला नाही. मग ती वळली आणि मधलं टेबल रिकामं दिसलं.

पत्र्याचा डबा नव्हता.

सोमवारी सुतार प्रेबेनने गीदेच्या पलंगामागची कुजकी फळी काढली तेव्हा तो सापडला होता. जुना चहाचा डबा, कडांना मेण लावून बंद केलेला, झाकणावर गीदेची आद्याक्षरं खिळ्याने कोरलेली. प्रेबेनने हलवला तर आत काहीतरी खुळखुळलं. तो म्हणाला बटणं असतील, गुद्रून म्हणाली दागिना असेल. “उघडायचा नाही,” तिने बजावलं होतं. “शनिवारी, मोसमाच्या उद्घाटनाला, पाहुण्यांसमोर.”

घराच्या किल्ल्या चारच. एक गुद्रूनची, एक प्रेबेनची, एक गीदेची पणती आबेलोने हिची आणि एक साफसफाई करणाऱ्या हालिनाची. यातलं शेवटचं नाव गुद्रूनच्या मनात सगळ्यात आधी आलं. पुढे तिला सगळ्यात जास्त लाज वाटली ती याचीच, की विचार सुरू व्हायच्या आधी नाव येऊन बसलं होतं.

२

अकरा वाजता चर्चच्या हॉलमध्ये कॉफी होती. शनिवारच्या तयारीला चौदा माणसं जमली होती. कुणी ईस्टरच्या पिवळ्या मेणबत्त्या लावत होतं, कुणी पताका ओवत होतं. आबेलोने बनांना लोणी लावत होती आणि हालिना कपबशा मांडत होती.

हालिना खेरसोनची, युद्धातून निसटून आलेली. चव्वेचाळीस वर्षांची, हडकुळी, कामाला वाघ. वर्षापूर्वी बेटावर आली तेव्हा इथली भाषा तिला गुद्रूननेच शिकवली, रोज संध्याकाळी, स्वतःच्या स्वयंपाकघरात. पहिला धडा हा, की इथे फारतर राजाला ‘तुम्ही’ म्हणतात, बाकी सगळ्यांना ‘तू’. येत्या एक मेपासून संग्रहालयाच्या मागच्या दोन खोल्या हालिनाला राहायला मिळायच्या होत्या. खोल्यांचे पडदेसुद्धा तिने शिवून ठेवले होते.

गुद्रून उभी राहिली. डबा गेल्याचं तिने सांगितलं.

“दार फोडलेलं नाही. म्हणजे किल्लीवाल्यांपैकीच कुणीतरी,” ती म्हणाली. वर्गात गृहपाठ न आणलेला मुलगा शोधायची तसा तिचा आवाज होता. “आणि त्या माणसाने एक चूक करून ठेवलीय. कुत्री हलवली, आणि परत ठेवताना आत तोंड करून ठेवली. मला सांगा, बेटावरचं कुणी हे करेल? झोपेत तरी करेल?”

 माना एकेक करून कपबशांकडे वळल्या. आबेलोनेची सुरी बनावर तशीच थांबली होती.

“मी?” हालिना म्हणाली.

“मी नाव घेतलेलं नाही.”

“घ्यायला काय उरलंय?”

“अगं, कुणी वाईट हेतूने म्हणत नाही,” गुद्रून म्हणाली. “अडचण असेल तुला काही. डबा परत आणून दे, विषय संपला.”

हे तिला त्या वेळी मोठं मन वाटलं होतं.

“जाऊ दे ना, गुद्रून,” आबेलोने मान खाली घालून पुटपुटली. “जुनी पत्रं ती. कुणाच्या काय उपयोगाची?”

हालिनाने एप्रनच्या खिशातून किल्ली काढली आणि बनांच्या ताटाशेजारी ठेवली. मग ती गुद्रूनकडे बघून अगदी शुद्ध, गुद्रूननेच शिकवलेल्या भाषेत बोलली. “अकरा महिने दर गुरुवारी मी ती कुत्री उचलते, पुसते आणि ठेवते. एकदा तरी चुकीची ठेवलेली दिसली तुम्हाला?”

‘तुम्हाला’ म्हणाली ती. हॉलमध्ये सगळ्यांनी ते ऐकलं. मग एप्रन घडी करून खुर्चीवर टाकलं आणि ती निघून गेली. चौदा माणसांनी कॉफी प्यायली, कारण केलेली होती.

३

गुरुवारी सकाळी गुद्रूनला काही सुचेना. हालिनाचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता. अकरा महिने, म्हणजे सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस गुरुवार. आणि एकदाही नाही.

“घाईत होती म्हणून चुकली,” ती मोठ्याने म्हणाली. रिकाम्या घरात ते फारसं पटण्यासारखं वाटलं नाही.

तिच्या स्वतःच्या खिडकीतही कुत्री होतीच, पणजीच्या काळातली. नवरा टोगर बोटीवरची नोकरी संपवून कायमचा घरी आला त्या दिवशी तिने ती आत वळवली होती. टोगर आपल्या अंथरुणात, तिच्या हातात हात देऊन गेला, म्हणून ती आतच राहिली.

घाईत पुसणारी बाई काय करेल? गुद्रूनने फडकं घेतलं. डावं कुत्रं उचललं, पुसलं, चुकून उलटं ठेवलं. मग उजवं. आणि ती बघत राहिली.

कुत्र्यांनी एकमेकांकडे पाठ फिरवली होती. भांडलेल्या नवराबायकोसारखी दोघं दोन भिंतींकडे बघत होती.

तसंच होणार. ही कुत्री जोडीने घडवलेली, एकमेकांकडे नाक करून आडवी बसलेली, फक्त मान जराशी समोर वळलेली. जागच्या जागी फिरवली की त्यांच्या शेपट्या एकमेकींना लागतात. नाकासमोर नाक हवं असेल तर डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे न्यायला लागतं. बेटावरच्या बायका हे न बघता करतात, हातांची कैची करून.

काल तिने कैची केली होती. म्हणजे ती आत वळवलेली कुत्री नाकासमोर नाक होती. कुणीतरी ती आत वळवताना तशीच कैची केली होती.

गुद्रूनने कुत्री होती तशी पुन्हा आत वळवली आणि ती खुर्चीत बसली. फडकं हातातच राहिलं. पुसताना झालेली चूक नव्हतीच ती. ज्याने केलं त्याने मुद्दाम केलं, आणि त्याच्या हातांना ते लहानपणापासून माहीत होतं. ‘बेटावरचं कुणी हे करेल?’ असं तिने चौदा माणसांसमोर ठणकावून विचारलं होतं. उत्तर असं होतं, की बेटावरचंच कुणीतरी करेल. दुसऱ्या कुणाला जमणारच नाही.

तिचे कान तापले. सत्तरी उलटलेल्या बाईचे कान असे तापतात हे तिला माहीत नव्हतं.

४

प्रेबेनच्या दारात ती पोचली तेव्हा तो कोट घालून कोबीच्या रोपांना पाणी घालत होता.

“ये बाई! मला पकडायला आलीस का? हात वर करू?”

“गप रे. कॉफी दे.”

तीस वर्षांपूर्वी प्रेबेन पलीकडून, म्हणजे मुख्य भूमीवरून आला. बेटावर तो अजूनही ‘पलीकडचा’, आणि मरेपर्यंत राहील. गुद्रून बसली आणि तिचं लक्ष खिडकीकडे गेलं. दोन कुत्री फळीवर पाठीला पाठ लावून बसली होती.

“ही कुठली?”

“बाजारात घेतली. गल्लीत सगळ्यांकडे आहेत, म्हटलं आपल्याकडेही असावीत. का? काही चुकलं?”

“तीस वर्षं अशीच आहेत?”

“जागच्या जागी फिरवतो की. पलीकडे गेलो की बाहेर, आलो की आत. नियम पाळतो मी!” मग तिचा चेहरा बघून त्याने थट्टा आवरती घेतली. “काय झालं?”

तिने सांगितलं. प्रेबेनने बराच वेळ डोकं खाजवलं.

“म्हणजे मी सुटलो. माझ्या अडाणीपणाने वाचवलं म्हणायचं.” तो हसला नाही. “मग ती बिचारीसुद्धा सुटली.”

“तिला माझ्या हाताखाली बाहेर ठेवायचं तेवढं शिकवलं होतं. आत वळवून दाखवायची वेळच कधी आली नाही.”

“गुद्रून, ती शनिवारी दोनच्या बोटीने चाललीय. कायमची. सामान न्यायला माझी गाडी मागितलीय तिने.”

गुद्रूनने कप खाली ठेवला. “परवा?”

“परवा. आणि तुला खरं सांगू का? मी काल हॉलमध्ये होतो. मला वाटलं होतं, हालिना असं करणार नाही. तरी मी बनच खात बसलो.” त्याने कप उगाचच फिरवला. “पलीकडच्या माणसावर आळ आला की मला जरा हलकं वाटतं. माझ्यावर आला नाही म्हणून. हे तू कुणाला सांगू नकोस.”

गुद्रून उठली. चारांतल्या तीन किल्ल्या संपल्या होत्या. आणि त्याच क्षणी तिला कालचं एक वाक्य आठवलं, जे चौदा माणसांनी ऐकून सोडून दिलं होतं.

कुणी म्हणालं होतं बटणं, कुणी म्हणालं होतं दागिना. डबा तर उघडलेलाच नव्हता. मग ‘जुनी पत्रं’ हे आबेलोनेला कुणी सांगितलं?

५

आबेलोने शनिवारचा पोशाख इस्त्री करत होती. एकावर एक पाच घागरे आणि डोक्याला बांधायचा तो रुमाल, ज्याची टोकं शिंगांसारखी उभी राहतात. एकोणीस उन्हाळे ती हा पोशाख घालून पाहुण्यांना पणजीची गोष्ट सांगत आली होती. ती सांगायला लागली की दणकट जर्मन पुरुषही नाक पुसायचे.

“शनिवारचं म्हणून दाखव बघू एकदा,” गुद्रून दारातच म्हणाली.

“आत्ता?”

“आत्ताच.”

आबेलोनेने इस्त्री उभी केली. “या खिडकीत गीदे लांबर्टसेन बसायची. एकेचाळीस वर्षं. तिची कुत्री दर्याकडे बघत होती, कारण...” ती अडखळली. “कारण...”

“कारण तिने वाट बघणं सोडलं नाही,” गुद्रून म्हणाली. “एकोणीस वर्षांत तुझं हे वाक्य कधी अडलं नाही.”

 इस्त्रीतून वाफ निघत राहिली.

“तुझा बाप दर्यावर होता. घरातली कुत्री कोण वळवायचं?”

“मी.” अगदी हळू आवाज. “तो गल्लीच्या टोकाला दिसला, की मी धावत जाऊन वळवायचे. आई मला उचलून धरायची.”

“कैची करून.”

“कैची करून,” आबेलोने म्हणाली आणि तोंडावर हात दाबून रडायला लागली.

डबा पिठाच्या खणात होता. मंगळवारी दुपारी ती गरम सुरी घेऊन गेली होती. नुसतं बघायचं आणि मेण परत लावून टाकायचं, असं ठरवून. “माझ्या पणजीचा डबा, आणि तू तो पलीकडच्या वार्ताहरासमोर उघडणार. मला कुणी विचारलं का? काय निघेल ते आधी मला कळायला नको?”

आत एक अंगठी होती. तीच खुळखुळत होती. आणि दोन पत्रं.

पहिलं १८९२ च्या उन्हाळ्यातलं, इंग्लंडातल्या एका बंदरातून पाठवलेलं. अक्षर कॅप्टनचं. जहाज वाळूवर चढलं तेव्हा होडी एकच शिल्लक होती, असं त्याने लिहिलं होतं. तो आणि खानसामा तिच्यात उतरले. चार माणसं डोलकाठीला धरून होती. होडी परत नेतो म्हणून त्याने त्यांना ओरडून सांगितलं आणि परत नेली नाही. तो आता दुसऱ्याच नावाने राहत होता. ‘सप्टेंबरअखेर, मिकेलमासच्या आठवड्यात, मी परक्याचा कोट घालून गल्लीतून जाईन. तू कुत्री आत वळवलीस, तर दार ढकलून आत येईन आणि गावाला तोंड दाखवीन. बाहेर बघत असतील, तर चालत राहीन.’

दुसऱ्या पत्रात चारच ओळी होत्या. गुद्रूनने चष्मा पुसला, पण अक्षरं काही स्थिर होईनात.

‘मी दोनदा गेलो. तुझी कुत्री बाहेर बघत होती. गल्लीतल्या आणखी चार खिडक्यांतलीही बाहेर बघत होती, ती मी मोजली. तू बरोबर केलंस. अंगठी परत पाठवतो.’

त्या चारांतली एक खिडकी गुद्रूनच्या घरची होती. तिच्या आजीचा भाऊ येस त्याच डोलकाठीला धरून होता.

“ती वाट बघतच नव्हती,” आबेलोने म्हणाली. “ती त्याला ‘येऊ नकोस’ म्हणत होती. रोज. मरेपर्यंत. त्या चार घरांसमोर नवरा घेऊन बसायची तिला लाज वाटली असेल. आणि मी एकोणीस वर्षं लोकांना रडवते. मी ती पत्रं वाचली, आणि मला नुसतं वाटलं, आता तरी येऊ दे त्याला घरात. एकदाच. सगळे मेले आता. मी वळवली कुत्री, डबा उचलला आणि पळाले. कुत्री तशीच राहिली हे माझ्या ध्यानातही नव्हतं, तू हॉलमध्ये म्हणेपर्यंत.”

“आणि मग?”

“मग तू हालिनाकडे बघितलंस.” आबेलोनेने डोळे मिटून घेतले. “आणि मी बनाला लोणी लावलं, गुद्रून.”

६

दोघींनी मिळून एक सोपा मार्ग काढला. तो आबेलोनेने सुचवला आणि गुद्रूनला आवडला, हेही लिहून ठेवायला हवं. डबा पलंगाखाली सरकला होता, सापडला, असं म्हणायचं. पत्रं परत पिठाच्या खणात. हालिनाला किल्ली द्यायची, खोल्या द्यायच्या, झालं गेलं विसरायचं. गीदे वाट बघत राहील आणि पाहुणे नाक पुसत राहतील.

शुक्रवारी गुड फ्रायडे, म्हणून गावातले झेंडे अर्ध्या काठीवर उतरवले होते. गुद्रून हालिनाच्या भाड्याच्या खोलीवर गेली. दोन पिशव्या भरून दाराशी ठेवल्या होत्या आणि वर ते शिवलेले पडदे घडी करून.

“डबा सापडला,” गुद्रून म्हणाली. “पलंगाखाली गेला होता. माझी चूक झाली. ही घे किल्ली.”

हालिनाने किल्लीला हात लावला नाही. “सापडला का? छान. मग मला माफ केलंत तुम्ही.”

“अगं, माफ काय...”

“पलंगाखाली मंगळवारी सकाळी मी झाडलंय. सरपटत, हातात विजेरी घेऊन. तेव्हा डबा टेबलावर होता, आणि टेबलावरून पलंगाखाली तो आपल्या पायांनी जात नाही.” ती शांतपणे म्हणाली. “तुम्ही कुणाला तरी वाचवताय. वाचवा. पण म्हणजे गाव असं म्हणणार, की या बाईने घाबरून परत आणून ठेवला आणि गुद्रूनने मोठ्या मनाने झाकलं. मग मी त्या खोल्यांत राहायचं, आणि दर गुरुवारी तुमच्या मोठ्या मनावरची धूळ पुसायची.”

 छत्तीस वर्षं तिने खोटं बोलणाऱ्या मुलांना फळ्यासमोर उभं केलं होतं. त्यांना कसं वाटत असेल ते तिला आत्ता कळलं, हातात किल्ली धरून त्या दारात उभी असताना.

“तुम्ही चौदा जणांसमोर बोललात,” हालिना म्हणाली. “आता एकटीच आलात.”

७

शनिवारी बाराला कॅप्टनच्या घरासमोर गल्ली भरून माणसं जमली. गावातली होती, पलीकडची होती, वहीपेन्सिल घेतलेला वार्ताहर होता. आबेलोने पोशाख घालून दारात उभी होती, चेहरा चुन्यासारखा.

गुद्रूनने रात्रीतून भाषण लिहून काढलं होतं. तो कागद तिने खिशातच ठेवला.

“बुधवारी मी एका बाईला चोर ठरवलं,” ती म्हणाली. “पुराव्यावरून नाही. ती इथली नाही म्हणून. बेटावरचं माणूस कुत्री अशी आत वळवणार नाही असं मी म्हटलं, आणि खरं तर ते बेटावरच्या माणसालाच जमतं. माझ्या हातांना ते त्याच सकाळी कळलं होतं. मी हातांचं ऐकलं नाही. हालिनाने काहीही केलेलं नाही. आणि आम्हा चौदा जणांतलं एकही माणूस तिच्यासाठी उठलं नाही.”

 मग आबेलोने पुढे आली. “डबा मी नेला,” ती म्हणाली, आणि रडत रडत दोन्ही पत्रं वाचली. चार खिडक्यांच्या ओळीपाशी म्हाताऱ्या माणसांनी टोप्या काढल्या. वार्ताहराने पेन्सिल खाली केली. गीदेच्या खिडकीतली कुत्री आबेलोनेने सकाळीच आत वळवली होती, आणि ती परत फिरवा असं या वेळी कुणी म्हणालं नाही.

प्रेबेनची गाडी हालिनाच्या सामानासकट सव्वा वाजताच पुढे गेली होती. कुणाच्या तरी गाडीत बसून गुद्रून धक्क्यावर पोचली तेव्हा दोनला सहा मिनिटं कमी होती. हालिना कठड्याशी उभी होती.

“बोलले,” गुद्रून धापा टाकत म्हणाली. “सगळ्यांसमोर. वार्ताहरासमोरसुद्धा.”

“प्रेबेनला फोन आला होता. कळलं मला.”

“खोल्या तुझ्याच आहेत. उतरव सामान.”

हालिनाने तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, म्हणून गुद्रूनला ती अधिकच सोसवेना.

“तुम्ही बोललात ते बरं केलंत. मनापासून सांगते. पण त्या हॉलमध्ये उरलेले तेरा जण होते ना, त्यांच्याकडे मी दर गल्लीत बघणार. आणि ते माझ्याकडे. पलीकडे माझी एक मैत्रीण आहे, तिच्याकडे जाते. नंतरचं मला माहीत नाही.”

“परत येशील?”

“माहीत नाही म्हटलं ना.” तिने पडद्यांची घडी गुद्रूनच्या हातात ठेवली. “त्या खिडक्यांच्या मापाचे आहेत. दुसरीकडे बसायचे नाहीत.”

बोट सुटली. बारा मिनिटांचा तर प्रवास. पलीकडचा धक्का इथून नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

संध्याकाळी गुद्रूनने ते पडदे मागच्या दोन खोल्यांत स्वतः लावले, आणि ते तंतोतंत बसले. मग घरी येऊन दिवा लावायच्या आधी ती खिडकीपाशी गेली, आणि टोगर परतल्यापासून आत बघणारी कुत्री उचलून, हातांची कैची करून, तिने बाहेर वळवली.

प्रेबेन सायकलवरून जाताना थांबला. काचेवर टकटक केलं.

“अगं, तुझ्याकडचं कोण गेलं दर्यावर?”

गुद्रूनने खिडकी उघडली. 

“गेलं नाही रे,” ती म्हणाली. “मी घालवलं.”